बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावताय? आधी हे वाचा

सप्टेंबर 2022 मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा वाचला नाही. आपल्या मोबाईल आणि पॉवरबँकमध्येही लिथियमचीच बॅटरी असते, फक्त लहान.

आग लागते कशी?
साधारण सेल 4.2 व्होल्टला फुल होतो आणि आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. पण ते सर्किटच खराब असेल, किंवा बॅटरी दबली, फार तापली, तर आतला पातळ पडदा निकामी होऊन शॉर्ट होतो. मग उष्णतेने उष्णता वाढतच जाते. याला थर्मल रनअवे म्हणतात.

आमच्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो. अ‍ॅपल मात्र आयफोन 35 अंशांपर्यंतच वापरायला सांगतं. म्हणून मी हे पाळतो:

- उशीखाली, गादीवर चार्जिंग नाही. फोन फरशीवर ठेवतो.
- चार्जर बीआयएस मार्कवालाच.
- फुगलेली बॅटरी टोचायची नाही, चार्ज करायची नाही, कचऱ्यातही टाकायची नाही. थेट सर्व्हिस सेंटरला द्यायची.
- ई-स्कूटरची बॅटरी झोपताना किंवा दाराच्या वाटेत चार्जिंगला लावायची नाही.

धूर दिसला तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग 101 ला फोन करा. फोन नवा घेता येतो, माणूस नाही.