हेल्मेटवरचा पांढरा पट्टा

झालं असं, की मागच्या महिन्यात धाकटा भाऊ पावसात स्कूटरवरून घसरला. लागलं फारसं नाही. हेल्मेटही फुटलं नाही, फक्त काळ्या कवचाच्या काठाला एक पांढुरका पट्टा उठला. "दादा, नुसता डाग आहे रे, चालतंय की!"

मी कोडवाला माणूस. बीटेकला प्लास्टिकचं युनिट मी चक्क ऑप्शनला टाकलं होतं. आता बसून वाचलं.

कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी आठवतेय? जरा वाकवली की कट्! स्वस्तातली असेल तर ती बहुतेक पॉलिस्टायरीनची. कडक, पण एकदा तडा सुरू झाला की त्याला आत अडवणारं कुणीच नाही.

बऱ्याच हेल्मेटचं कवच एबीएसचं असतं. लेगोच्या विटासुद्धा १९६३ पासून याच्याच. यातलं मूळ प्लास्टिक पॉलिस्टायरीनच्याच नात्यातलं, पण त्यात पॉलिब्युटाडाईन रबराचे कण पेरलेले असतात, बहुतेक १ मायक्रॉनहून लहान. धक्का बसला की ताण या कणांभोवती गोळा होतो. मग एक मोठा तडा जाण्याऐवजी ठिकठिकाणी असंख्य सूक्ष्म भेगा उघडतात. त्यांना क्रेझ म्हणतात. क्रेझ म्हणजे पूर्ण तडा नव्हे. तिचे दोन काठ प्लास्टिकच्या ताणलेल्या बारीक धाग्यांनी जोडलेले असतात. हे धागे ताणण्यात आणि कणांच्या आत पोकळ्या पडण्यात धक्क्याची ऊर्जा खर्च होते. पुढचा कण आडवा आला की क्रेझ तिथेच अडू शकते. आमच्या भाषेत, लोड बॅलन्सिंगच!

नुसतं रबर ढवळून मात्र भागत नाही. ते प्लास्टिकला धरून राहत नाही, म्हणून कणांवर प्लास्टिकच्याच साखळ्या रासायनिक पद्धतीने जोडतात. हे ग्राफ्टिंग. आणि रबर जास्त झालं की कवच लेचंपेचं. शिवाय हे रबर उन्हात खराब होतं, तेव्हा हेल्मेट गॅलरीत वाळत ठेवू नका.

आता तो पट्टा. क्रेझ आणि पोकळ्यांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून तिथे पांढरं दिसतं. म्हणजे तिथल्या कणांनी आपलं काम करून टाकलंय. पुढच्या धक्क्याला तिथे तेवढी ताकद उरलेली नाही. आतलं थर्माकोलही एकदा दबलं की पुन्हा फुगत नाही, आणि ते तर बाहेरून दिसतही नाही.

भावाला हे सगळं ऐकवलं. "बरं बाबा, घेतो नवीन," म्हणाला, तोंड वाकडं करून. जुन्याचा पट्टा मी कात्रीने कापला आणि मगच ते भंगारात दिलं, नाहीतर दुसरंच कुणीतरी ते डोक्यावर चढवायचं.