लाल टिकली, हिरवी टिकली

टुनकी गाव मागे पडलं की सातपुडा एकदम समोर येतो. संग्रामपूर तालुक्याचा खालचा भाग खारपाणपट्ट्याचा. वर उत्तरेला मात्र साग, नाले आणि अंबाबरवा अभयारण्य. पायथ्याच्या एका वस्तीत जिल्हा परिषदेची शाळा आहे. मी तिच्या दाराशी बसलोय. मोबाइलला रेंज येते-जाते, जास्त करून जातेच. पहिली-दुसरीची पोरं सतरंजीवर गोल करून बसलीत आणि मधोमध विटेएवढा एक डबा ठेवलाय. मेमरी कार्ड घालून भजनं-गाणी ऐकायला बाजारात मिळतो तोच.

डब्याच्या बटणांवर टिकल्या चिकटवल्यात. लाल म्हणजे थांब किंवा चालू, हिरवी म्हणजे मागचं, पिवळी म्हणजे पुढचं. वाचता न येणारं पोरही तो बिनधास्त चालवतं.

आज डबा दुसरीतल्या एका मुलीच्या ताब्यात आहे. डब्यातून एका म्हातारीचा आवाज येतोय, कोरकूत गोष्ट सांगणारा. मागे कुठेतरी कोंबडा आरवतो. गोष्टीतली बाई नाल्यापाशी पोचते आणि मुलगी लाल टिकली दाबते. "आता ते काय करंन?" ती विचारते. दोघं कोरकूत बोलतात, एक जण मराठीत, आणि तिघांची तीन उत्तरं. मुलगी हिरवी दाबते. तोच तुकडा पुन्हा लागतो. कोपऱ्यातला एक मुलगा, जो आतापर्यंत तोंड मिटून होता, तो या खेपेला पुढे सरकतो आणि दुसऱ्याला हाताने गप्प करून ऐकतो.

"सर, आता माहा नंबर!" मागून आरोळी.

सर सांगतात की या डब्यात मागचं बटण दाबलं की अख्खं गाणं पहिल्यापासून लागतं, आणि दाबून धरलं तर आवाज कमी होतो. चार-पाच मिनिटांच्या गोष्टीत एक वाक्य चुकलं तर पोराने काय करायचं? म्हणून त्यांनी गोष्टच कापली. एका प्रसंगाची एक फाइल, अर्ध्या मिनिटाच्या आत. नावं ००१, ००२ अशी. आणि कार्डात भरतानाही त्याच क्रमाने भरायची, नाहीतर डबा शेवट आधी वाजवतो. रात्री घरी बसून हे काम चालतं. पुस्तकात क्यूआर कोड आहेत, त्यामागे कविताही आहेत, पण इथे कोड उघडायला रेंज लागते. सर तालुक्याला गेले की तिथून ते सगळं उतरवून आणतात आणि कार्डात टाकतात.

माझ्या मते या डब्याची सगळी किंमत त्या हिरव्या टिकलीत आहे. २०२० च्या टाळेबंदीत आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'प्रथम' संस्थेच्या साथीने 'शाळेबाहेरची शाळा' लागायची. विदर्भातल्या किती घरांत तेव्हा शाळा आवाजातून पोचली! पण रेडिओवरचं वाक्य एकदा गेलं की गेलं. इथे पोर ते परत बोलावतं, आणि मला कळलं नाही असं चारचौघांत सांगावं लागत नाही.

एका गोष्टीचे तीन अवतार कार्डात आहेत. मराठीत सरांच्या आवाजात, कोरकूत त्या म्हाताऱ्या आजीच्या, आणि तिसरा निहालीत, तोही आजीचाच. कोरकू मुंडा कुळातली, दूरच्या संथालीची बहीण. निहालीचं मात्र जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. ती बोलणारी माणसं दोन-अडीच हजार. इकडे चिचारी, तिकडे जळगाव जामोद तालुक्यात सोनबर्डी, अशा मोजक्या गावांतून विखुरलेली. कायपर या डच पंडिताने १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. आशा मुंडले यांनी जमवलेला तिचा शब्दसंग्रह १९९६ मध्ये छापून आला. हे सगळं मोलाचं आहे, पण ते अभ्यासकांच्या कपाटात. निहालीला स्वतःची लिपी नाही, इथल्या पोरांच्या हातात द्यायला पुस्तक नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा म्हणतं. या वस्तीत त्या वाक्याला हातपाय फुटायचे तर आधी आवाजच लागणार. छापील धडा कधी येईल तेव्हा येवो. आजी आज आहे, तिची गोष्ट आजच भरून ठेवायला हवी.

पोरं घरी कोरकू बोलतात. निहाली त्यांना अर्धीमुर्धी कळते, म्हणून तिसरा अवतार लागला की ती आधी हसतात, मग ओळखीचा शब्द पकडायला टपून बसतात. सापडला की ओरडतात. सर फळ्यावर तो देवनागरीत लिहितात आणि त्याच्या शेजारी कोरकू, मराठी. पोरांची वाचनाची गाडी इथूनच सुरू होते, हे मी डोळ्यांनी बघतोय: आधी कानाला ठाऊक झालेला शब्द फळ्यावर भेटला की बोट अडखळत नाही.

दहा-साडेदहाला आजी स्वतःच येते. तिचा नातू घरीही डब्याचंच बोलत असतो, म्हणून तो डबा कसा बोलतो ते तिला ऐकायचंय. ती उंबऱ्यापाशी टेकते. पोरं मोठ्या अभिमानाने तिलाच तिची गोष्ट ऐकवतात. नववी फाइल संपते तशी ती हात वर करते.

"हे चुकलं, बापा. मधातलं राह्यलं."

कुठलं राहिलं? नाला ओलांडण्याआधी बाई झाडापाशी थांबते, ते. आजी घाईत विसरली होती. सर लगेच मोबाइल काढतात, नववी फाइल खोडतात आणि फोन तिच्या तोंडाजवळ धरतात. ती घसा खाकरते, सुरू करते. दोन वाक्यं होतात न होतात तोच सतरंजीवरून तक्रार येते.

"सर, इच्यात कोंबडा नाही आला!"

आता ठराव असा होतो की कोंबडा एका पोराने आरवायचा, आणि तो कोण यावर पहिली आणि दुसरीचं भांडण लागलंय.