वर्गीकरणातील रिक्त स्थाने

निसर्गातील वस्तूंचे वर्गीकरण करणे म्हणजे त्यांची यादी नीट लावणे होय, अशी समजूत विद्यार्थ्यांत आणि क्वचित अध्यापकांतही आढळते. ही समजूत धरली तर वर्गीकरण ही निव्वळ सोयीची बाब ठरते. ग्रंथालयातील पुस्तके आकाराप्रमाणे लावावीत की विषयाप्रमाणे, एवढाच तो प्रश्न उरतो. ज्ञान त्यानंतर सुरू होते, वर्गीकरण स्वतः ज्ञान नव्हे, असा तिचा मथितार्थ. ती कितपत खरी आहे हे तपासण्यास मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीसारखे उदाहरण विरळा. तेथे वर्गीकरण आधी सिद्ध झाले आणि त्याचे कारण कळण्यास चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. मधल्या काळात त्या वर्गीकरणाने जे कार्य केले ते कोणत्याही यादीला करता येण्यासारखे नव्हते.

लाव्हाझ्ये याने १७८९ मध्ये ३३ मूलद्रव्यांची यादी प्रसिद्ध केली. प्रकाश आणि उष्णता यांनाही तीत स्थान होते. पुढील ऐंशी वर्षांत ज्ञात मूलद्रव्यांची संख्या ६३ वर गेली. १८६० च्या कार्ल्सरूह येथील परिषदेत कॅनिझारो याने अणुभार ठरविण्याची निश्चित पद्धती पुढे मांडली, तेव्हापासून मूलद्रव्यांना एका क्रमात उभे करणे शक्य झाले. न्यूलँड्स या इंग्रज रसायनज्ञाने १८६५ मध्ये दाखविले की, अणुभारांच्या क्रमाने मूलद्रव्ये मांडली असता दर आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे निघते. लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे हा विचार आला तेव्हा एका सभासदाने, मूलद्रव्ये नावांच्या अकारविल्हे लावून पाहिली आहेत काय, असे त्याला विचारले. ही थट्टा अन्यायाची होती यात संशय नाही. तथापि न्यूलँड्सच्या त्या मांडणीत एक खरा दोष होता. त्याने एकही जागा रिकामी सोडली नाही. जेथे अडचण आली तेथे एकाच जागी दोन मूलद्रव्ये बसविली. जे ज्ञात आहे तेवढेच जगात आहे, असे या मांडणीने नकळत गृहीत धरले होते.

मेंडेलीव्हने १८६९ मध्ये, विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचा पाठ्यग्रंथ लिहीत असता, जी सारणी तयार केली तिचे वेगळेपण येथेच आहे. अणुभाराचा क्रम आणि गुणधर्मांचे साम्य ही दोन्ही त्याने एकाच वेळी सांभाळली. आणि दोन्ही एकत्र बसत नसतील तेथे जागा मोकळी ठेवली अथवा अणुभारच चुकलेला आहे असे म्हटले. बेरिलियमचा अणुभार काहींच्या मते १४ च्या आसपास होता. सारणीत त्यासाठी जागा नव्हती, म्हणून तो ९ च्या आसपास असला पाहिजे असे त्याने ठरविले. यूरेनियमचा १२० हा अंक त्याने सरळ दुप्पट केला. कागदावरील कोष्टकाच्या आधारे प्रयोगशाळेतील आकडे बदलणे हा त्या काळी, आणि आजही, धाडसाचा प्रकार समजला जाईल. दोन्ही दुरुस्त्या पुढे खऱ्या ठरल्या.

मोकळ्या जागांतील अज्ञात मूलद्रव्यांना नावे देण्यासाठी मेंडेलीव्हने संस्कृत संख्यावाचकांचा आश्रय घेतला. ॲल्युमिनियमखालील पहिली रिकामी जागा ‘एक-ॲल्युमिनियम’, सिलिकॉनखालील ‘एक-सिलिकॉन’. मँगनीजच्या खाली ‘एक’ आणि ‘द्वि’ अशा दोन. त्याच काळात पीटर्सबर्गच्या अकादमीतर्फे पाणिनीचा संपादक बोटलिंक याचा संस्कृत महाकोश प्रसिद्ध होत होता. यावरून काही अभ्यासकांनी असे अनुमान केले आहे की, ही नावे म्हणजे भारतीय वर्णव्यवस्थापनाला वाहिलेली आदरांजली होय. अनुमान मोहक आहे, पण मेंडेलीव्ह पाणिनीवरून सारणी शिकला असे त्यावरून म्हणणे हा पुराव्याचा अतिरेक होईल. साम्य मात्र बोधप्रद आहे. स्थान आणि प्रयत्न या दोन अक्षांवर वर्ण मांडले की पंचवीस स्पर्शवर्णांची घरे पूर्ण भरतात. ऊष्म वर्णांच्या ओळीत तालव्य श, मूर्धन्य ष आणि दंत्य स सापडतात. कंठ्य आणि ओष्ठ्य ही दोन घरे नेहमीच्या वर्णमालेत रिकामी दिसतात. क-ख यांच्यापूर्वी विसर्गाचा होणारा जिह्वामूलीय आणि प-फ यांच्यापूर्वी होणारा उपध्मानीय हे ध्वनी नेमके याच दोन घरांतले. आणि ऋक्प्रातिशाख्यात त्यांची गणना ऊष्मांतच केलेली आहे. हे ध्वनी अर्थात आधीपासून कानांना परिचित होते, भाकिताने सापडलेले नव्हेत. रसायनशास्त्रातील घरांत कोण राहतो हे कोणासच ठाऊक नव्हते.

१८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्रां याला पिरेनीज पर्वतातील जस्ताच्या खनिजात, वर्णपटातील दोन अपरिचित जांभळ्या रेषांवरून, नवे मूलद्रव्य सापडले. त्याने त्यास गॅलियम हे नाव दिले. हेच आपले एक-ॲल्युमिनियम असे मेंडेलीव्हने कळविले. शोधकर्त्याला ते फारसे रुचले नाही, कारण मेंडेलीव्हच्या सारणीच्या साहाय्यावाचून त्याचा शोध लागला होता. एक विसंगतीही होती. भाकिताप्रमाणे या धातूची घनता ५.९ ते ६ असावयास हवी, आणि ब्वाबोद्रांने मोजलेली घनता ४.७ भरली. मेंडेलीव्हने, ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, सुचविले की नमुना शुद्ध नसावा. धातू पुन्हा शुद्ध करून मोजला गेला आणि घनता ५.९ निघाली.

या प्रसंगाचे महत्त्व केवळ भाकीत खरे ठरण्यात नाही. निरीक्षण हे सिद्धांताचे न्यायाधीश होय, असे सर्वत्र शिकविले जाते. येथे एका वर्गीकरणाने निरीक्षणाला पुन्हा साक्षीस बोलाविले आणि साक्ष बदलली. असे करण्याचा अधिकार त्यास मिळाला तो शेजाऱ्यांमुळे. रिकाम्या घराच्या वर-खाली आणि डाव्या-उजव्या बाजूस ज्ञात मूलद्रव्ये होती. त्यांच्या गुणधर्मांचा मध्य काढून मेंडेलीव्ह अज्ञाताचे वर्णन करीत असे.

स्कँडियम १८७९ मध्ये मिळाले. १८८६ मध्ये फ्रायबर्ग येथे विंक्लर हा चांदीच्या एका नव्या खनिजाचे पृथक्करण करीत असता सर्व घटकांची बेरीज वारंवार सुमारे सात टक्क्यांनी कमी भरू लागली. ही तूट म्हणजेच जर्मेनियम. मौजेची गोष्ट अशी की, हे आपलेच एक-सिलिकॉन आहे हे मेंडेलीव्हच्या प्रथम ध्यानात आले नाही. त्याने आणि विंक्लरनेही त्यास आरंभी निरनिराळ्या दुसऱ्या घरांत बसविले. गुणधर्म कळू लागले तेव्हा शंका राहिली नाही. अणुभार ७२ सांगितला होता, ७२.३ निघाला, घनता ५.५ सांगितली होती, ५.३५ निघाली, क्लोराइडचा उत्कलनबिंदू १०० अंशांच्या किंचित खाली असेल असे म्हटले होते, तो ८६ निघाला.

मेंडेलीव्हची सर्वच भाकिते खरी ठरली, असा समज पाठ्यपुस्तकांनी पसरविला आहे. तो दुरुस्त होणे इष्ट आहे. १९०४ मध्ये त्याने हायड्रोजनहून हलक्या दोन मूलद्रव्यांची कल्पना मांडली. त्यांतील एक म्हणजे विश्व व्यापणारा ईथर, दुसरे सूर्याच्या प्रभामंडलातील हिरव्या रेषेवरून कल्पिलेले कोरोनियम. दोन्ही अस्तित्वातच नाहीत; ती हिरवी रेषा अनेक इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची आहे. ही घरे सारणीच्या कडेबाहेरची होती, त्यांना चारी बाजूंचे शेजार नव्हते. रिकामी जागा आणि नुसता अवकाश यांत हा भेद आहे.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस येथे सोस्यूरचे स्मरण होणे साहजिक आहे. इंडो-युरोपीय स्वरव्यवस्थेवरील त्याच्या प्रबंधात, ज्यावर १८७९ हे वर्ष आहे, व्यवस्थेची मागणी म्हणून काही ध्वनी गृहीत धरलेले होते; कोणत्याही ज्ञात भाषेत ते प्रत्यक्ष आढळत नव्हते. १९२७ मध्ये कुरिलोविच याने दाखविले की, नव्याने वाचल्या गेलेल्या हित्ती भाषेत त्यांच्या काही स्थानी खरोखर व्यंजन येते.

परंतु भाकीत करणे म्हणजे स्पष्टीकरण करणे नव्हे. गुणधर्म ठराविक अंतराने परत का येतात, हे मेंडेलीव्हला सांगता आले नाही, आणि त्याच्या अडचणीही तेथूनच उद्भवल्या. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी यांनी अर्गॉन वायू शोधला. त्याचा अणुभार पोटॅशियमहून अधिक, आणि सारणीत त्याला घरच नव्हते. मेंडेलीव्हला तो नायट्रोजनचेच तीन अणूंचे रूप असावे असे वाटले. पुढे हेलियम, निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन मिळाले, तेव्हा रिकामे घर नव्हे, संपूर्ण एक उभा स्तंभच राहून गेला होता हे उघड झाले. टेल्यूरियमची गोष्ट याहून बोलकी आहे. गुणधर्मांप्रमाणे ते आयोडीनच्या आधी यावे, अणुभाराप्रमाणे नंतर. मेंडेलीव्हने यूरेनियमप्रमाणे येथेही अणुभार चुकला असावा असे मानले. या वेळी अणुभार बरोबर होता.

उत्तर १९१३ मध्ये मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने दिले. त्याने मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची कंप्रता मोजली, आणि तिचे वर्गमूळ एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना ठराविक पायरीने वाढते असे त्यास आढळले. ही पायरी म्हणजे अणुकेंद्रावरील धन विद्युत्भार, म्हणजेच अणुक्रमांक. टेल्यूरियम ५२, आयोडीन ५३, पेच सुटला. अणुभार हा क्रमाचा खरा आधार नव्हता, त्याची बहुतेक वेळा बरोबर येणारी सावली होती. जड समस्थानिकांचे प्रमाण अधिक असल्यामुळे टेल्यूरियमचे सरासरी वजन वाढते, एवढेच. आता किती घरे रिकामी आहेत हेही मोजता येऊ लागले. ४३, ६१ आणि ७५ या जागा मोझलीने दाखविल्या. १९१५ च्या ऑगस्टमध्ये तो गॅलिपोलीच्या रणभूमीवर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मारला गेला. ७५ वे, म्हणजे ‘द्वि-मँगनीज’, १९२५ मध्ये आणि ४३ वे, म्हणजे ‘एक-मँगनीज’, १९३७ मध्ये मिळाले. बोर आणि पाउली यांच्या कार्यातून इलेक्ट्रॉनांच्या कवचांची रचना स्पष्ट झाली, तेव्हा आवर्तन का होते या प्रश्नालाही उत्तर मिळाले.

११८ व्या मूलद्रव्यास २०१६ मध्ये अधिकृत नाव मिळाले आणि सारणीच्या सातही ओळी भरल्या. आता तिच्या आत एकही घर रिकामे नाही. वाद मात्र संपलेला नाही. यिट्रियमखालच्या घरात लँथॅनम ठेवावे की ल्यूटेशियम, यावर रसायनज्ञांचे एकमत नाही. इलेक्ट्रॉनांची रचना पाहणारे एक उत्तर देतात, गुणधर्मांची तुलना करणारे पुष्कळदा दुसरे, आणि दोन्ही प्रकारचे तक्ते वर्गांच्या भिंतींवर टांगलेले आढळतात.