धुराआडचे तापमान

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भात झाला की नाही हे शित दाबून कळते. भरताचे वांगे झाले की नाही हे सुटलेल्या सालीवरून कळते. पण निखाऱ्यावर ठेवलेली अख्खी कोंबडी आतपर्यंत शिजली, हे कशावरून ओळखायचे? बहुतेक जण रंग पाहतात. वरून तांबूस झाली, चार काळे डाग पडले, की उतरवली. ही परीक्षा फसवी आहे. बाहेरून करपलेल्या तंगडीत हाडाजवळ मांस कच्चे असू शकते आणि कच्च्या कोंबडीत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. मेजवानीनंतरच्या जुलाब-तापाचे मूळ पुष्कळदा अशा अर्धकच्च्या घासात असते.

जरीपटका ही उत्तर नागपुरातली, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेली वस्ती. हिवाळा आला की तिथल्या काय किंवा शहरातल्या इतर भागांतल्या काय, गच्च्यांवर शेगड्या पेटतात. आता कुठे कुठे झाकणाची गोल शेगडीही दिसते. केटल ग्रिल म्हणतात ती हीच. अमेरिकेत शिकागोजवळच्या एका धातुकामाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ काम करीत. तिथे पाण्यावर तरंगणारे बोये तयार होत. त्यातल्याच एका गोळ्याचे दोन भाग करून त्यांनी १९५२ साली ही शेगडी बनवली, असे सांगतात.

उघड्या शेगडीवर पदार्थ भाजला जातो. झाकणाच्या शेगडीत तो मंद आचेवर, धुरात शिजवता येतो. कोळसे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला आणि मांसाखाली पाण्याचे पसरट भांडे अशी मांडणी करायची. निखाऱ्यावर आंब्याच्या किंवा पेरूच्या वाळलेल्या लाकडाचे एक-दोन तुकडे ठेवले की धूर मिळतो. रंग किंवा पॉलिश लावलेले जुने लाकूड मात्र कधीही जाळू नये.

आता अडचण अशी, की झाकण लावले म्हणजे आत काय चालले आहे ते दिसत नाही. उघडून पाहावे, तर उष्णता निघून जाते, ताजी हवा मिळून निखारे भडकतात आणि सगळा हिशेब बिघडतो. म्हणून थर्मामीटर हवा. त्याच्या वायरीच्या टोकाला धातूची एक सुई असते. तिला प्रोब म्हणतात. या सुईच्या टोकात एक बारीक घटक बसवलेला असतो. तापमानाप्रमाणे त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून बाहेरच्या डबीवर आकडा उमटतो.

असे दोन प्रोब वापरावेत, कारण आपल्याला दोन वेगळे आकडे हवे असतात. पहिला शेगडीतल्या हवेचा. हा प्रोब जाळीच्या पातळीवर, मांसापासून दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर लावावा; निखाऱ्याच्या थेट वर नको. झाकणावरचे घड्याळासारखे थर्मामीटर घुमटातली हवा मोजते आणि जाळीजवळचे तापमान त्याहून बरेच वेगळे असू शकते. धुरात शिजवताना ही हवा साधारण ११० ते १५० अंश सेल्सिअस राहावी. ती फार चढली तर खालची झडप थोडी मिटावी, उतरली तर थोडी उघडावी, वरची झडप उघडीच ठेवावी. प्रत्येक बदलानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. घाईने झडपा फिरवणाऱ्याला ती शेगडी कधीच साधत नाही.

दुसरा आकडा मांसाच्या गाभ्याचा. सुईचे टोक सर्वांत जाड भागात, मधोमध असावे. हाडाला ते टेकू नये, नाहीतर आकडा चुकतो. कोंबडीसाठी गाभ्याचे तापमान किमान ७४ अंश हवे, खिम्याच्या कबाबासाठी ७१, माशासाठी ६३. कोंबडी छातीत आणि मांडीत अशी दोन्हीकडे तपासावी. गंमत अशी, की धुरात शिजलेली कोंबडी ७४ अंश गाठूनही आत गुलाबी दिसू शकते, कारण धुरातले वायू मांसाचा रंग धरून ठेवतात. म्हणजे रंग दोन्ही बाजूंनी फसवतो.

बकऱ्याची रान लावणाऱ्यांना आणखी एक कोडे पडते. तापमान ६५-७० अंशांपर्यंत नीट चढते आणि मग तासन् तास जागचे हलत नाही. कोळसा वाढवण्याचा मोह इथेच होतो. याचे कारण नागपूरकरांना समजावून सांगायला नको. मे महिन्यात आपला कूलर खोली गार करतो तो वाळ्याच्या ताट्यांवरचे पाणी वाफ होऊन उडते म्हणून. मांसाच्या पृष्ठभागावरचा ओलावाही तसाच उडतो आणि मांस गार ठेवतो. तो कमी झाला की आकडा पुन्हा चढू लागतो. धीर नसेल तर रान फॉइलमध्ये गुंडाळावी. वाफ उडणे थांबते. नव्वद अंशांच्या आसपास आतले चिवट तंतू विरघळून मांस मऊ होते.

थर्मामीटर खरे बोलते की नाही, हे घरीच तपासता येते. बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून सुई बुडवली तर शून्य अंश दिसले पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र नागपुरात शंभर नव्हे, सुमारे ९९ अंश दिसतील. आपले शहर समुद्रसपाटीपासून तीनशेहून अधिक मीटर उंचावर आहे. कच्च्या मांसातून काढलेली सुई साबणाने धुतल्याशिवाय पुन्हा टोचू नये.

दोन गोष्टी आवर्जून सांगतो. थंडी आहे म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत किंवा जिन्यात आणू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो. दुसरे म्हणजे उरलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे. आपल्या उन्हाळ्यात, पारा ३२ अंशांच्या वर असताना, एका तासातच.

धडधाकट माणूस बिघडलेल्या पोटातून चार दिवसांत उठतो. लहान मूल, गरोदर बाई आणि घरातले वृद्ध यांना तेच दुखणे फार जड जाते, आणि आपल्या पंगतीत ते सगळेच असतात. म्हणून वाढण्यापूर्वी सुई टोचून आकडा पाहण्याची सवय लावून घ्यावी. त्याला एक मिनिटही लागत नाही.