डावा हात धरतो, उजवा कापतो

आभासी जगात नेणाऱ्या नव्या चष्म्यांवर लेख लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. त्यासाठी जुने शोधनिबंध चाळताना एका बाहुलीच्या मुंडक्यापाशी अडलो, आणि लेख चष्म्यांचा न राहता त्या मुंडक्याचाच झाला.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात ते घडलं. केन हिंकली हा संशोधक विद्यार्थी, त्याचे मार्गदर्शक रँडी पॉश, सहकारी जॉन गोबल आणि मेंदूचे शल्यविशारद नील कॅसेल यांनी १९९४ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया आखण्याचं हे साधन जगापुढे मांडलं. डॉक्टरांची गरज साधी होती. एमआरआयमधून मेंदूच्या सपाट चकत्या मिळतात. त्या मनातल्या मनात एकावर एक रचून गाठ कुठे, रक्तवाहिन्या कुठे, सुई कोणत्या वाटेने न्यायची हे ठरवावं लागतं. काही शस्त्रक्रियांत रुग्णाच्या कवटीला चौकट बसवून मग स्कॅन काढतात आणि त्यानंतर आखणी होते. अशा वेळी नवं यंत्र शिकत बसायला सवड कुणाला?

म्हणून हिंकलीने डॉक्टरांच्या डाव्या हातात दिलं बाहुलीचं मुंडकं आणि उजव्या हातात प्लेक्सिग्लासची छोटी पाटी. दोन्हींना चुंबकीय क्षेत्रावरून जागा आणि कल ओळखणारे संवेदक जोडलेले. मुंडकं वळवलं की पडद्यावरचा मेंदू वळतो, जवळ आणलं की मोठा होतो. पाटी मुंडक्याशी धरली की त्या पातळीवर मेंदूचा छेद घेतला जातो आणि तो पडद्यावर उमटतो. पाटी प्लास्टिकमध्ये शिरू शकत नाही, पण तशी गरजही नाही. नुसती टेकवली तरी तिची पातळी आरपार गेलेली धरता येते. नाक-कान बोटांना लागत असल्याने मुंडकं कोणत्या बाजूला वळलंय हे न बघता कळतं. पूर्वी कधी न पाहिलेलं हे साधन हातात घेतल्यावर साधारण मिनिटभरात डॉक्टरांना वापरता येत असे, अशी त्यांच्या शोधनिबंधात नोंद आहे.

मला भुरळ पडली ती आतल्या हिशेबाची. पाटी पडद्यापासून कुठे आहे याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही. ती मुंडक्यापासून कुठे आहे, तेवढंच ते बघतं. फ्रान्सचे इव्ह गियार यांनी १९८७ मध्ये मांडलेला सिद्धांत इथे कामाला येतो. उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाचा डावा हात आधी पुढे होतो आणि चौकट आखून देतो. उजवा त्या चौकटीत बारीक काम करतो. लिहितानासुद्धा डावा हात कागद सतत सरकवत असतो. त्याला तसं करू दिलं नाही तर लिहिण्याचा वेग सुमारे २० टक्क्यांनी घटतो, असं गियार यांनी नोंदवलं आहे. नारळ फोडताना डावा हात तो फिरवत राहतो म्हणून उजव्याचा कोयता नेमक्या जागी बसतो. दोष मात्र चुकलेल्या घावालाच देतो आपण.

अडचणी होत्याच. चुंबकीय संवेदक जवळ धातू आला की जागा चुकीची सांगतो, आणि रुग्णालयात धातूला तोटा नाही. वायरी हातात अडकतात. दोन्ही हात गुंतलेले, मग बटण दाबायचं कशाने? त्यासाठी पायाखाली पेडल दिलं. पुढे स्पर्शपडदाही जोडला, कारण माऊससाठी हातातलं खाली ठेवणं म्हणजे लागलेली तंद्री मोडणं.

सगळ्यांत मोठी अडचण मात्र वेगळी आहे. मुंडकं चालतं, कारण माहितीलाच डोक्याचा आकार आहे. वादळातल्या वाऱ्याचा किंवा दीर्घिकांच्या पसाऱ्याचा त्रिमितीय नकाशा उलगडायचा तर डाव्या हातात काय द्यायचं? आजचे चष्मे बहुधा या प्रश्नाला बगल देतात. दोन हातांत एकसारखी दोन नियंत्रकं, नाहीतर मोकळ्या हवेत चिमटी. दोन्ही हात लांब करून नकाशा मोठा करता येतो खरा, पण अधांतरी धरलेले हात लवकर भरून येतात आणि बोटांना काहीच लागत नाही. डोळ्यांसाठी एवढा खर्च होत असताना हातांची ही उपेक्षा मला खटकते. साधा गोळा, ठोकळा, काहीही चालेल; फक्त डावीकडे धरायला आणि उजवीकडे त्यावर काम करायला काहीतरी हवं. डावखुऱ्यांसाठी अर्थातच उलट. शस्त्रक्रियेच्या आखणीसाठी असं यंत्र विकत घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने पडद्याची चमक बघण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारावं: दुसऱ्या हाताला काम काय?