पट, प्यादी आणि भीमगीते

आपल्या वस्तीतील म्हातारी माणसे रिकामटेकडी आहेत, असे समजणारा एक शिकलेला वर्ग आता तयार झाला आहे. संध्याकाळी चाळीच्या पटांगणात बुद्धिबळ मांडून बसलेल्या सत्तरी-ऐंशीच्या चौघांकडे तो बघतो आणि ‘टाइमपास’ म्हणून पुढे जातो. त्या पटाभोवती काय बोलले जाते, हे त्याने एकदा बसून ऐकावे.

ही मंडळी देशी पद्धतीने खेळत मोठी झाली. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. राजाला किल्लेकोट नाही, फक्त एकदा घोड्याची अडीच घरांची उडी. डाव लांबतो आणि दोन चालींच्या मध्ये आयुष्य सांगायला वेळ मिळतो. कोणी ७ डिसेंबर १९५६ ला वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेला दादरचा जनसागर सांगतो. कोणी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप सांगतो आणि सांगतासांगता हत्ती गमावतो.

मग गाणी निघतात. एकाला रफी हवा, दुसऱ्याला तलत. पण वामनदादा कर्डकांचे नाव आले की वाद मिटतो. प्रौढ वयात अक्षरओळख झालेल्या या माणसाने बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांतील निरक्षरांच्या ओठांवर नेला. प्रल्हाद शिंदेंचा पहाडी आवाज यांनी १४ एप्रिलच्या रात्री मैदानात बसून ऐकला. हे दोघेही २००४ साली गेले. विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, व्यासपीठावरच कोसळले. गायक गेले, आता त्यांचे श्रोतेही एकेक करून चालले आहेत. जलशाची रात्र कशी रंगायची, हे पुढे कोण सांगणार?

मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बी.डी.डी.च्या २०७ चाळी. खोली १६० चौरस फुटांची, म्हणून आयुष्य बाहेर पटांगणात गेले. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. वरळीत २०२५ मध्ये पहिल्या चाव्या हाती पडल्या. हा रहिवाशांचा हक्कच आहे. पण उंच मजल्यावर गेलेला म्हातारा गुडघे धरून खाली येईल, तेव्हा त्याचा पट कुठे मांडला जाईल? पार्किंगमध्ये?

संविधानाचे कलम ४१ वृद्धापकाळी सार्वजनिक साहाय्याची दिशा देते. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा निर्वाह भत्ता आणि वृद्धाश्रमाची तरतूद करतो. सोबतीची तरतूद कोणताही कायदा करत नाही. ती समाजालाच करावी लागते.

म्हणून प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने तळमजल्यावर ज्येष्ठांसाठी एक खोली ठरावाने राखावी. आणि तरुणांनो, खिशातला मोबाइल बाहेर काढा, या माणसांचा आवाज नोंदवून ठेवा. आपला इतिहास इतरांनी लिहिला नाही म्हणून आपण तक्रार करतो. हा इतिहास तर आपल्याच दारात बसून घोडा चालवतो आहे.