सातमाशी बाळ का झोपत नाही?

दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ दवाखान्यातून घरी आले की आयाबायांची तक्रार ठरलेली: बाळ झोपत नाही, सारखे चुळबुळते, खुट्ट झाले की दचकते. मग मीठ-मिरच्या ओवाळल्या जातात. निपाणीकडच्या वाड्यांवर आम्ही हे नेहमी ऐकतो. नजरेचा येथे काही संबंध नाही. बाळाला श्वासाचे औषध चालू असेल, तर कारण पुष्कळदा त्या बाटलीत सापडते.

अशा बाळाच्या मेंदूतील श्वासाचे केंद्र पक्के झालेले नसते, त्यामुळे बाळ मध्येच श्वास घ्यायचे विसरते. यावर पूर्वी थिओफिलिन देत. त्याची गुणाची मात्रा आणि अपायाची मात्रा यांत अंतर फार थोडे. आता बहुधा कॅफीन सायट्रेट देतात. कॅफीन म्हणजे आपल्या चहा-कॉफीत असते तेच! रात्री कडक चहा घेतल्यावर आपले जे होते तेच बाळाचे होते. झोप मोडते, हातपाय थरथरतात, छाती धडधडते. मोठ्या माणसाच्या अंगातून निम्मे कॅफीन पाचेक तासांत जाते, कोवळ्या बाळाला त्याच कामाला तीन-चार दिवस लागतात. म्हणून औषध थांबल्यावरही चुळबुळ काही दिवस राहते.

मूल पुढे चंचल निपजेल, ही भीती मात्र नको. कॅनडातील डॉक्टरांच्या पुढाकाराने २००६ बाळांवर मोठी चाचणी झाली. कॅफीन मिळालेल्यांचे वजन पहिले काही आठवडे थोडे कमी वाढले, इतकेच. ती मुले अकरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. वागणुकीत फरक आढळला नाही, उलट हालचालींतील दोष कॅफीनवाल्यांत कमी होते.

तेव्हा बाळ रडते म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. औषध संपले म्हणून बोटाने चहा चाटवणे तर अगदीच घातक. ओव्याची धुरी आणि घरातली विडी, दोन्ही बंद. (विडी आपल्याच भागात वळली जाते म्हणून तिचा धूर सौम्य होत नाही.)

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने भाग घेतलेल्या एका चाचणीचा निकाल २०२० साली आला. पहिलटकरणींना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून अल्प मात्रेत ॲस्पिरिन दिल्यावर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आली. ही गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यायची.

बाळाचा श्वास वीस सेकंद थांबला किंवा ओठ निळे पडले, तर तळपाय हलकेच चोळून तडक दवाखाना गाठा. बाप्तिस्म्यासाठी आमची वाट पाहू नये. प्राणावर बेतल्यास कोणीही पाणी ओतून तो देऊ शकतो.